फेस न येणारा साबण

मोरीजवळच्या पुदिन्याचा एक कोपरा जळून गेला होता. बाकीचा पुदिना टवटवीत.

*

वहीतलं पान, निळी शाई: "साबण तीन किलो, कढत पाण्यात विरघळवणे. कापड बुडवून पिळणे. मग मोरचुदाच्या (तांब्याचा क्षार) पाण्यात बुडवणे. कापड पांढरे, पाणी निळे, वर येते ते हिरवे. पाण्याने धुतले तरी हिरवे जात नाही."

*

ताडपत्री कारखान्यातल्या मनोहररावांच्या साळ्याने आपल्या दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली: ताडपत्रीचे मेण मिळेल.

*

खापरखेड्याच्या वसाहतीत एका मुलीचं बारसं झालं. नाव ठेवलं गोपिका. मावशी बसने आली आणि दोन दिवस राहिली.

*

सायकलची जुनी ट्यूब आडवी कापली की रबराची पक्की कडी मिळते. निम्म्या नागपूरचे जेवणाचे डबे अशा कड्यांवर बंद राहतात.

*

सीताबर्डीवर विश्वनाथ देशकरांनी चष्म्याची तुटलेली काडी बसवून घेतली. दुकानदार म्हणाला, "आता बारीकातलं बारीक दिसन, काका." विश्वनाथ म्हणाले, "मोठं दिसलं तरी पुरे."

१

काडी बसली आणि विश्वनाथ सायकल मारत लकडगंजला पोचले ते बरोबर पेटी उघडायच्या वेळेला. कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण कुणाच्या प्रयोगाचं बोलावणं आलं की लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा सदरा घालायचे. आजचं बोलावणं अरुंधतीचं होतं. तिला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आता ती मारोतराव गोतमारेंच्या ताडपत्री कारखान्यात केमिस्ट होती, आणि आज, १ जून १९७३ला, तिच्या हिरव्या ताडपत्रीचा निकाल होता.

सरकारी खरेदी खात्याला सहाशे ताडपत्र्या हव्या होत्या, आणि त्या कुजायला नको होत्या. परीक्षा साधी होती. तांब्याचा साबण मुरवलेल्या दहा पट्ट्यांची जुडी 'अ', कोऱ्या कापडाच्या दहा पट्ट्यांची जुडी 'ब'. दोन्ही शेणखताच्या ओल्या मातीत अठ्ठावीस दिवस पुरायच्या. 'ब' कुजली आणि 'अ' टिकली तर माल पास. पेटीला खात्याच्या साहेबांचं कुलूप, कुलपावर लाख. आत पाणी सोडायला तेवढी एक नळी.

साहेबांनी लाख फोडली. साबणाच्या हौदावर काम करणाऱ्या रुपरावांनी खुरप्याने माती उकरली. 'ब'ची पट्टी त्यांच्या बोटांत भिजल्या पोळीसारखी तुटली. सगळे हसले, कारण ती तुटायचीच होती.

मग 'अ' निघाली. तीही तशीच तुटली.

या वेळी कुणी हसलं नाही.

"तुमचं औषध बुरशीला फारच गोड लागलेलं दिसतं," साहेब अरुंधतीला म्हणाले आणि रुमालाने हात पुसू लागले. "सोमवारी अकराला माझा अहवाल जाईल. त्याआधी कारण दाखवा, पुराव्यानिशी. मग पेटी पुन्हा लावू. नुसतं 'कसं झालं कळत नाही' असं मी लिहून घेणार नाही."

साहेबांची जीप गेल्यावर मारोतरावांनी पेटीचं झाकण लावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच बोलले. "सोमवारपर्यंत नाही जमलं, तं मंगळवारी हे हौद फोडतो मी. मेणाचं काम होतं तेच बरं होतं. अन् मंग बाई, तुमाले इथं ठेवून मी काय करू, तुमीच सांगा."

२

"काका, माझंच चुकलं असेल," अरुंधती म्हणाली. तिच्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रात 'अ'चे अवशेष पडले होते.

"चुकलं असेल तर सापडेल. चूक काही पळून जात नाही. आधी सांग, कुठल्या दिवशी काय झालं?"

दोन मेला तिने पट्ट्या कापल्या, प्रत्येक जुडीला जस्ताचा छोटा बिल्ला दोऱ्याने शिवला, वरून सायकलच्या ट्यूबची कडी चढवली आणि जुड्या अंगणातल्या दोरीवर टांगल्या. तीनला ती बहिणीकडे बारशाला गेली. चारला साहेबांच्या समोर पट्ट्या पुरल्या. पाचला ती परतली तेव्हा पेटी बंद होती.

"म्हणजे पुरताना तू नव्हतीस."

"नव्हते. पण पुरायला काय शिकवायचं?"

विश्वनाथांनी नव्या काडीचा चष्मा नाकावर दाबला. अवशेष म्हणजे मातकट चिंध्या, एक बिल्ला, एक रबराची कडी आणि कडीखाली घट्ट आवळला गेल्यामुळे वाचलेला नखाएवढा कापडाचा तुकडा. त्यांनी कडी ताणली. ती चटकन मिटली.

"याच थानातलं कापड शिल्लक आहे?"

होतं. तशाच दहा हिरव्या पट्ट्यांची जुडी तिने त्याच दिवशी बांधून कपाटात ठेवली होती. ती बाहेर काढताना तिचं बोट चिकटलं. कडीचा पार गुळाचा पाक झाला होता.

"शी! हे रबर खराब निघालं."

"दोन्ही कड्या एकाच ट्यूबच्या ना?"

"एकाच. रुपरावांच्या सायकलच्या."

विश्वनाथ स्टुलावर बसले. अवघड गणित सुटायला लागलं की ते आधी बसून घेत.

"रबर खराब नाही, बाळ. तांबं रबराला सडवतं. तांब्याचा साबण तर फारच लवकर, त्यातून मे महिना. कपाटातल्या कडीला महिनाभर तांबं लागलं, म्हणून ती विरघळली. पेटीतल्या कडीला लागलं असतं तर तिचंही तेच झालं असतं."

"पण पेटीतली तर..."

"शाबूत आहे. तेव्हा मातीवर आळ घेऊ नकोस. या पट्ट्या मातीत गेल्या, तेव्हाच त्यांच्यात तांबं नव्हतं."

३

मनोहररावांची फक्त उत्तरं. प्रश्न कुणालाही सुचतील असेच होते.

"मी विक्री पाहतो, हौद नाही."

"हो, माझा साळा मेण विकते. मंग? तुमचा साळा काहीच नाही विकत का?"

"चार तारखेले? मीच आणलं साहेबाले स्टेशनावरून. चहा, केळी, पंखा. मी पट्टीले हातसुद्धा नाही लावला."

"तीन तारखेले इथंच होतो. अंगणात? अंगणातून तं सगळेच जातात, काका. अंगण हाय ते."

"बदलून टाकल्या म्हनता? कोरं कापड ठेवलं मी त्या जागी? हे पाहा, मले तसं करायचं असतं ना, तं मी बिल्ले बदलले असते. मेहनत कमी."

विश्वनाथांना हे उत्तर आवडलं. माणूस आळशी होता आणि ते लपवत नव्हता.

रुपराव हौदाच्या कठड्यावर बसून तंबाखू मळत होते. हौद घासायचं तेजाब त्यांच्याच ताब्यात असायचं, आणि पेटीच्या नळीतून रोज पाणीही तेच घालायचे. मनोहररावांनी जाता जाता एवढं सांगून ठेवलं होतं.

"मायावर शक हाय ना तुमचा?" रुपरावांनीच सुरुवात केली. "सांगा, सांगा. बाईनं पाठवलं असन."

"बाईने नाही. मीच आलो. पट्ट्या पुरल्या तुम्हीच?"

"मीच. साहेब खुर्चीवर, मालक साहेबापाशी, मनोहरराव केळी सोलत. खड्डा खांदाले रुपराव."

"कशा दिसत होत्या?"

रुपरावांचा अंगठा तळहातावर थांबला. "पांढुरक्या."

"हिरव्या नव्हत्या?"

"नव्हत्या."

"अहो, मग बोलला का नाही?"

"मले विचारलं कोणी?" रुपरावांनी तंबाखू ओठात ठेवली. "मागच्या दिवाळीत मी विचारलं होतं. म्हटलं, बाई, साबन म्हनता, तं याले फेस काहून येत नाही? सारे हासले. बाई तं खुर्ची धरून हासल्या. तवापासून ठरवलं, त्याइच्या साबनावर आपन बोलाचं नाही. म्हटलं, असन काही नवीन."

खिडकीतून अरुंधतीने हे ऐकलं असावं. आत काचेचं काहीतरी जरा जोरात खाली ठेवलं गेलं.

"अन् साहेबानं कुठं हिरवी पट्टी पाह्यली होती? त्यानं बिल्ला पाह्यला, 'अ' लिहिलेला. पुर म्हने. पुरली."

४

नखाएवढा तुकडा विश्वनाथांनी धुऊन, वाळवून बशीत ठेवला. त्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसला, मुरेचना.

"कोऱ्या कापडात तो शोषला गेला असता," अरुंधती सावकाश म्हणाली. "म्हणजे पट्ट्या बदललेल्या नाहीत. माझ्याच आहेत. साबणातलं स्निग्ध अजून आत आहे."

"मनोहरराव सुटले. आता अर्धा तुकडा जाळ."

तिने स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्याने तुकडा धरला. ज्योत पिवळी. मग कपाटातल्या जुडीचा एक धागा धरला. ज्योत हिरवी झाली, पोपटाच्या पंखासारखी. कशासाठी जाळतोय ते विसरून दोघंही क्षणभर पाहत राहिली.

"स्निग्ध राहिलं, तांबं गेलं," विश्वनाथ म्हणाले. "तांब्याच्या साबणातून तेवढं तांबं कोण काढून नेतं?"

"आम्ल." ती उठून उभी राहिली. "तेजाब! काका, तेजाब रुपरावांकडेच असतं!"

"बस. मघाशी रुपराव म्हणाले ते ऐकलंस ना? पुरतानाच पट्ट्या पांढुरक्या होत्या. आधी बिल्ला बघ."

'ब'चा बिल्ला राखाडी होता. 'अ'चा बिल्ला चिंधीने पुसल्यावर त्यावर काळपट तांबूस पापुद्रा दिसला. अरुंधतीने नखाने खरवडलं. खाली जस्त.

"जस्तावर तांबं बसलंय," ती म्हणाली. "पट्ट्यांतून निघालेलं तांबं ज्या पाण्यात गेलं, त्या पाण्यात बिल्लाही होता. आणि तेजाब असतं तर..."

"तर बिल्ला बुडबुडे काढत विरून गेला असता. हे आंबट होतं, पण सौम्य आंबट. पट्ट्या सोडून भिजवल्या, वाळवल्या, आणि कडी पुन्हा नीट चढवून ठेवली. नुकसान करायला आलेला माणूस कडी परत चढवत बसत नाही, अरुंधती. हे कुणीतरी काळजीने केलंय."

दार न वाजवता प्रयागबाई आत आली. कारखान्याची झाडलोट आणि धुणं-घासणं तिच्याकडे होतं. तिने विश्वनाथांचा कप उचलला, कपाखालचं गोल ओलं पुसलं, बशीखालचं पुसलं, आणि जाताना दाराची कडीही पुसून गेली. पितळी कडी. लखलखीत.

विश्वनाथांनी त्या कडीकडे बघून डोळे मिटले.

"काय झालं, काका?"

"हात धुऊन येतो," ते म्हणाले.

५

मोरीवर प्रयागबाई तांब्याचा हंडा घासत होती. बाजूला चिंचेचा कोळ. विश्वनाथ पुदिन्यापाशी उकिडवे बसले.

"बाई, हा कोपरा काहून जळला?"

"तं काय सांगू, भाऊजी! पूजेच्या आंधीचं पानी लवंडलं मी तिथं. निळं-हिरवं जहर होतं नुसतं. पुदिना मेला बिचारा."

"कशाचं पाणी?"

"चिंचेचं. मालक म्हने, साहेब येऊन राहिले, पेटीची पूजा कराची, सारं लखलखीत पाह्यजे. गडू घासला, ताम्हन घासलं, समई घासली. मंग दोरीवर पाह्यलं तं त्या पट्ट्या! हात लावला तं बोटाले हिरवं. कळकलेल्या साऱ्या." तिने तोंड वाकडं केलं. "म्हटलं, बाप्पा! धरतीमायले नारळ फोडून राहिले अन् कळकलेलं कापड तिच्या पोटात घालून राहिले? कळकलेलं ताक मानसाले बाधते, तं मायले नाही बाधन? कोळ उरलाच होता घमेलंभर. सोडल्या जुड्या, घातल्या दिवसभर भिजत. काय निघालं, काय निघालं! दुसऱ्या खेपेले तं कापड गोरंपान."

"दोन्ही जुड्या?"

"एकच. दुसरी साफच होती ना. वाळल्यावर जशी होती तशीच बांधून ठेवली. बिल्लाबिल्ला सारं जागच्या जागी." तिचा हात हंड्यावर थांबला. विश्वनाथांचा चेहरा तिने वाचला. "काहून? काही चुकलं का?"

विश्वनाथ पुदिन्याची जळकी काडी मोडत राहिले, आणि तेच चुकलं.

"हे बाईची पट्टी कुजली, ते... ते मायामुळं?" तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. "अन् बाईची नोकरी? भाऊजी, मी चोरी नाही केली. साफ केलं. तेवढंच येते मले."

मागे अरुंधती येऊन उभी होती. किती वेळ, ते कळलं नाही. तिचा चेहरा आधी लाल झाला. अठ्ठावीस दिवस, दोन वर्षांचं काम आणि एक घमेलं चिंच. विश्वनाथांना वाटलं, आता ही ओरडणार.

ती खाली बसली. मोरीच्या ओल्या काठावर, साडी न सावरता.

"बाई, तुम्ही ओळखलंत कसं, की ते कळकलेलं आहे?"

"त्यात काय ओळखाचं? कल्हई गेलेल्या डब्यात तूप ठेवा. असंच हिरवं धरते."

"तेच आहे ते," अरुंधती म्हणाली. "तुपातलं स्निग्ध आणि डब्यातलं तांबं मिळून तोच साबण होतो. मला हे पुस्तकातून शिकायला चार वर्षं लागली." तिला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "माणसाला बाधतं, तसंच ते बुरशीलाही बाधतं. म्हणूनच मी लावते कापडाला. तंबूला, मच्छीमारांच्या जाळ्यांना, लाकडाला, सगळ्याला तेच लावतात. मला ते जहर हवंच होतं, बाई."

प्रयागबाईने थोडा विचार केला. "मंग सांगाचं ना तसं."



६

सोमवारी अकराला साहेब आले. अंगणात टेबल मांडलं होतं. मारोतरावांना शनिवारीच सगळं सांगितलं होतं. ते "चिंच?" एवढंच म्हणाले होते, आणि मग दिवसभर कुणाशी न बोलता मधूनमधून "चिंच" म्हणत होते.

बोलायचं काम अरुंधतीने प्रयागबाईवर सोडलं.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी घासनारी," प्रयागबाई म्हणाली आणि कामाला लागली.

तिने हिरवी जुडी, नव्या बिल्ल्यासकट, कोळात बुडवली आणि बोटांनी चोळली. आधी पाणी गढुळलं, मग निळसर हिरवं झालं. अर्ध्या तासात बिल्ला काळवंडला. पुसला तर तांबूस. पट्टी पांढुरकी. अरुंधतीने ती उन्हात वाळवून तिच्यावर थेंब सोडला, तो बसला. धागा जाळला, ज्योत पिवळी. शेवटी तिने दोन कड्या साहेबांच्या हातात दिल्या. साहेबांनी शाबूत कडी ताणली. वितळलेली धरली आणि बोटं चिकटली तसे रुमाल शोधू लागले. प्रयागबाईने ओलं फडकं पुढे केलं.

"थांबा, बाई," साहेब घाबरून म्हणाले. "त्यात चिंच नाही ना?"

सगळ्यात आधी रुपराव हसले.

नवी पेटी त्याच दुपारी भरली. या वेळी जुड्या तीन: 'अ' हिरवी, 'ब' कोरी आणि साहेबांच्या हट्टाने 'क', चिंचेने धुतलेली. पुरण्याआधी अरुंधतीने रुपरावांना बोलावलं.

"रुपरावजी, बघून घ्या. काही वेगळं दिसतंय का?"

रुपरावांनी तिन्ही जुड्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. वेळ घेतला. त्यांना घाई नव्हती.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पन बाई, एक विचारू? फेस काहून येत नाही याले?"

अरुंधती हसली नाही. "आपला साबण पाण्यात विरघळतो, म्हणून फेस येतो. हा पाण्यात विरघळतच नाही. म्हणून तर पावसात कापडातून निघून जात नाही."

"अस्सं," रुपराव म्हणाले. "मंग चांगलं हाय."

विश्वनाथ रोज संध्याकाळी सायकलवरून चक्कर टाकू लागले, म्हणायला पेटीवर नजर ठेवायला. पण कुलूपबंद पेटीत बघण्यासारखं काय असतं? ते मोरीपाशी बसत, प्रयागबाईच्या हातचा चहा पीत आणि कुठल्या धातूला काय लावावं यावर तिच्याशी वाद घालत. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला चिंच लावू नये हे तिने त्यांना सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

दोन जुलैला साहेबांनी लाख फोडली. 'ब' तुटली. 'क' तुटली. 'अ' रुपरावांनी दोन्ही टोकांना धरून ओढली, मग मनोहररावांना एक टोक दिलं आणि दोघांनी ओढली. पट्टी तुटली नाही. मनोहरराव मात्र चिखलात बसले. 'अ'ची कडी चिकट होऊन कापडातच मुरली होती. ती पाहून अरुंधतीला जितका आनंद झाला, तितका कुठल्या दागिन्यानेही झाला नसता.

साहेबांनी पास लिहिलं. मारोतरावांनी नारळ फोडला आणि पाणी हौदावर शिंपडलं. मग अरुंधतीकडे वळून, पुन्हा तसंच जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, त्या मंगळवारचं मी बोललो होतो... ते बोललोच नाही असं समजा." तिने मान हलवली आणि हौदाची वही उघडली. सहाशे ताडपत्र्यांना साबण किती लागेल ते मांडायचं होतं.

१९७० साली अरुंधतीचा नोकरीचा अर्ज मारोतरावांनी न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकला होता. प्रयागबाईला ड्रॉवर आतून पुसायचा होता, म्हणून तिने अर्ज काढून टेबलावर ठेवला, आणि मारोतरावांनी तो उघडला.